चुरड्यामुरड्याची वंशावळ मांडणाऱ्या प्रज्ञाताई

पुसदहून फोन आला तेव्हा मी अंगणात बसून वाळल्या मिरच्यांची देठं खुडत होते. नंबर करुणाताईंचा, म्हणजे प्रज्ञाताईंच्या धाकट्या बहिणीचा. त्या मला कधी फोन करत नसत. जे काही बोलायचं ते प्रज्ञाताईच बोलायच्या, आणि एकदा सुरू झाल्या की इकडे माझी भाजी करपायची. त्यामुळे नाव बघितल्याबरोबर हातातली मिरची तशीच पाटीत टाकून फोन उचलला. "रंजना, ताई गेली वो," एवढंच करुणाताई म्हणाल्या. सकाळी ताईंनी चहा ठेवला होता, तो उतू गेल्याचा वास आला म्हणून करुणाताई स्वयंपाकघरात गेल्या, तर ताई ओट्याला टेकून खाली बसलेल्या... बसल्या बसल्याच गेल्या होत्या. मी "बरं" म्हणाले. अशा वेळी दुसरं काय म्हणतात ते मला आजही ठाऊक नाही. फोन ठेवला आणि पाटी रिकामी होईपर्यंत देठं खुडत राहिले. मग कधीतरी हात डोळ्यांना लागला आणि मिरचीच्या हातानं जे व्हायचं ते झालं. सासूबाई तांब्या घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं, तिखट गेलं. मीही तसंच वाटू दिलं.

याला आता दीड महिना झाला. ताईंच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याबद्दल छान छान लिहिलं आहे. पुसदच्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र कसं शिकवायच्या, चाळिशी उलटल्यावर पीएचडी करायला कशा बसल्या, मिरचीवरच्या विषाणूंमागे साऱ्या जिल्ह्यात कशा हिंडल्या, हे सगळं खरं आहे. पण त्यात त्या एकदाही चुकलेल्या नाहीत. मेलेल्या माणसाला आपण लगेच गुळगुळीत करून टाकतो. मला ज्या ताई हव्याहव्याशा वाटतात त्या चुकलेल्या ताई आहेत. त्यांची एक चूक माझ्या वाट्याला आली होती, आणि त्यापायी मी त्यांच्याशी वर्षभर अबोला धरला होता. तेवढं सांगितल्याशिवाय त्यांची आठवण पुरी होणार नाही.

माझं माहेर महागावजवळचं आणि सासर मारेगावजवळचं. जिल्हा एकच, पण एसटीनं निघालं की सबंध दिवस जातो. लग्नानंतरच्या पहिल्या आखाडात मी माहेरी गेले, आणि परत निघताना आईनं टोपलीभर मिरचीची रोपं दिली, ओल्या पोत्यात गुंडाळून. आमच्या घरची मिरची ठेंगणी, जाड सालीची. बी आईनं वर्षानुवर्षं राखलेलं. ती टोपली मी मांडीवर घेऊन आले, तीन गाड्या बदलल्या पण खाली ठेवली नाही. आमच्याकडे सून माहेराहून काही घेऊन आली की ते आधी वानोळा म्हणून घरोघर जातं. आपण आधी लावून पाहावं, मग लोकांना द्यावं, असं कोणाच्या मनातही येत नाही. तसं करील ती कंजूस ठरते. मी तर नवी नवरी, मला मिरवायचंही होतं. आळीतल्या एकूण एक घरी मी माझ्या हातानं मूठ मूठ रोपं वाटली, आणि उरली ती आमच्या परसात लावली.

महिनाभरात पानं वळायला लागली. कडा वर उचलून होडीसारखी झाली, शेंडे आखडले, फुलं गळाली. चुरडामुरडा. आधी आमच्या परसात, मग शेजारी, मग सगळ्या आळीत. आधीपासून लावलेली लोकांची चांगली झाडंही त्यात गेली. कोणी भांडायला आलं नाही, आलं असतं तर बरं झालं असतं. सासूबाईच म्हणाल्या, तेही चारचौघींत, "महागावचा रोग आनला हिनं. हातगुनच नाई पोरीले." हातगुण नाही म्हटल्यावर संपलंच. त्या वर्षी शेजारच्या घरी तुळस लावायची होती, सगळ्या सुनांनी माती लोटली, मी पुढे झाले तर त्या घरच्या बाई म्हणाल्या, "तू राहू दे." हसून म्हणाल्या. अजून आठवतं, ओंजळीतली माती मी तशीच मागच्या मागं पदराला पुसली होती.

त्याच हिवाळ्यात प्रज्ञाताई पहिल्यांदा आमच्या आळीत आल्या. खांद्याला शबनम, हातात मोठा थर्मास. सासूबाईंना वाटलं, बाई स्वतःचा चहा घेऊन फिरते, आणि त्या जरा फुगल्या. थर्मासात पानं गार ठेवायला बर्फ होता. ताई एकेका झाडाचं कोवळं पान खुडायच्या, वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून पिशवीत घालायच्या आणि पिशवीवर पेन्सिलीनं लिहायच्या, कारण शाई ओल्यानं फुटते. पण त्यांचं खरं काम लिहिण्यापेक्षा विचारण्यात होतं. हे रोप कुणी दिलं? ती कुठली? तिचं माहेर कोणतं? तिच्या माहेरी मिरची कुठून आली? बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. एकीनं शेवटी विचारलंच, "बाई, मिरची पाहाले आल्या का पोरगी पाहाले?" ताई इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा वाफ्यात पडला. म्हणाल्या, "दोन्ही एकच आहे माझ्यासाठी. विषाणूची सोयरीक पाहून राह्यली मी."

मग ओट्यावर बसून त्यांनी आम्हांला समजावलं. पांढरी माशी आजारी झाडाचा रस पिते, विषाणू तिच्या पोटात जातो, आणि मग ती ज्या झाडावर बसेल त्याला देत सुटते. झाडात गेल्यावर विषाणू स्वतःच्या नकला काढतो. नकला काढताना चुका होतात, आणि त्या चुका पुढच्या नकलेत तशाच उतरतात. "लोणच्याची कृती माय लेकीले सांगते, लेक तिच्या सुनेले," ताई म्हणाल्या. "प्रत्येकीच्या हातात थोडं बदलते. पण चाखलं की तुम्ही सांगता ना, हे अमकीच्या माहेरचं म्हणून? तसंच. ज्यांच्यात फरक कमी ते जवळचे, फरक जास्त ते दूरचे. सगळे फरक मांडले की वंशावळ तयार होते." मी बारावीपर्यंत शिकलेली, पुस्तकात हे कुठेतरी वाचलं असेल, पण असं कोणी सांगितलं नव्हतं. निघताना त्या न्हाणीमागे गेल्या आणि सासूबाईंच्या टमाट्यांचीही चार पानं खुडली. ती टमाट्याची झाडं दर वर्षी आखडायची, दर वर्षी आम्ही म्हणायचो, टमाटे असेच असतात. सासूबाई ओरडल्या, "त्याईले काई झालं नाई वो बाई!" ताई म्हणाल्या, "नसू द्या. असंच घेतली."

मी त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेले. हातात हात घेतला आणि म्हणाले, "ताई, सांगा ना का रोग माह्या रोपाईनं नाई आला." त्यांनी हात सोडवला नाही. म्हणाल्या, "निकाल येऊ दे. येईल तो मी स्वतः येऊन सांगतो तुले." त्या बोलताना अशाच होत्या, अर्ध्या पुसदच्या कॉलेजातल्या आणि अर्ध्या आमच्यातल्या.

निकाल उन्हाळ्यात आला, आणि ताई शब्दाप्रमाणे स्वतः आल्या. हातात कागदाची गुंडाळी. त्यांनी ती ओट्यावर पसरली, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या, आणि आळीतल्या बाया गोळा झाल्या. कागदावर एक झाड होतं, पानं नसलेलं, फांद्यांच्या टोकांना गावांची नावं. ताईंचा चेहरा उजळलेला होता. ज्यानं खूप दिवस काही शोधलं आणि ज्याला ते सापडलं त्याचा चेहरा तसा होतो, आता मला कळतं. त्यांनी बोट ठेवलं. "हे महागावचं. हे तुमच्या आळीतलं. पाहा, एकाच फांदीवर, सख्खे भाऊ. पुसदचं इकडं, दूर. म्हणजे हा विषाणू महागावहून रोपांसंगं आला. माशी एवढ्या लांब उडत येत नाही, ती एसटीनं आली, बिनतिकिटाची!" बाया हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आयकलं का? मी काय सांगून राह्यली होती? आता मशीननंबी तेच सांगतलं."

मी उठून आत गेले. थोड्या वेळानं ताई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. आता कुठे त्यांच्या लक्षात आलं होतं. "रंजना... खरं ते खरं, बाई. खोटं कसं सांगू मी?" मी तवा पुसत होते. म्हणाले, "खोटं सांगा असं मी कवा म्हटलं? पन साऱ्याईच्या समोर सांगाचं काहून? तुमी आता जासान पुसदले. मले इथंच राहाचं हाये." मी त्यांना चहाही विचारला नाही. माझा स्वभाव तिखट आहे, हे माझ्या घरातलं मांजरही सांगेल. पण दारी आलेल्या बाईला चहाशिवाय मी फक्त त्या एकदाच जाऊ दिलं.

मग वर्षभर अबोला. त्या दर महिन्याला फोन करायच्या, मी उचलत नव्हते. आळीत मला कोणी टाकून बोलत नव्हतं, पण माझ्या हातचं रोप, बी, साधी कढीपत्त्याची काडीही कोणी घेत नव्हतं. आधी ते नुसतं सासूचं बोलणं होतं, आता त्याला कागद मिळाला होता. मला राग रोगाचा नव्हता, माहेरहून आला असेल तर आला असेल. राग याचा होता की ज्या बाईच्या हातात मी विश्वासानं हात दिला, तिनं माझं नाव आपल्या झाडाच्या फांदीला टांगून दाखवलं आणि वर हसली. आणि तरी गंमत पाहा, त्याच वर्षी मी घरामागे जुन्या मच्छरदाणीखाली आईच्या बियांची थोडी रोपं केली होती. माशीला झाडापर्यंत येऊच द्यायचं नाही, हे मी कोणाकडून शिकले होते? बोलत नव्हते, पण त्यांचं ऐकत होते.

पुढच्या वर्षी त्या न सांगता आल्या. या खेपेला आमच्या घरी नाही, आधी आळीत. घरोघर जाऊन त्यांनीच बायांना बोलावलं, "पाच मिनिटं या, मले काही सांगायचं आहे." मी आतून पाहत होते. त्याच ओट्यावर त्या बसल्या नाहीत, उभ्या राहिल्या, वर्गात उभ्या राहतात तशा, पण आवाज वर्गातला नव्हता. "मागच्या वेळी मी इथं सांगतलं का रोग महागावहून आला. ते मी चुकीचं सांगतलं. या विषाणूची सगळी पोथी पावणेतीन हजार अक्षरांची. मी तिचा एक तुकडाच वाचला होता. तुकडा पुरतो, असं सगळे म्हणतात, म्हणून मीही घाई केली. आता सगळी वाचली. तो तुकडा महागावचा आहे, पण दुसरी बाजू महागावची नाहीच. ती इथली आहे." बाया जवळ सरकल्या. "दोन वेगळे विषाणू एकाच झाडात शिरले तर एकमेकांचे तुकडे घेतात. मसाला एकीच्या घरचा, फोडणी दुसरीच्या. तसा हा झाला. त्याची अर्धी बाजू या आळीतल्या टमाट्यात आधीपासून होती."

सासूबाईंनी पदर सावरला. "माह्या टमाट्याचं नाव कायले घेता वो?"

"दोष म्हणून नाही घेत, आई," ताई म्हणाल्या. "हे दोघं कुठल्या झाडात जुळले, कवा जुळले, ते मले आजही छातीठोक सांगता येत नाही. कदाचित कधीच येणार नाही. पण एवढं येतं का हे एकट्या रंजनानं आणलं नाही. मी अर्धं वाचून पोरीचं नाव घेतलं. माझी चूक झाली. जिथं बोलली तिथंच परत घ्यायला आली मी."

पीएचडी करणारी, कॉलेजात शिकवणारी, माझ्या आईच्या वयाची बाई. आळीतल्या बायांसमोर उभी राहून म्हणत होती, माझी चूक झाली. मी दारात येऊन उभी राहिले ते मला कळलंच नाही. नंतर मला समजलं की ही दुरुस्ती त्यांना त्यांच्या प्रबंधातही करावी लागली होती, आणि तिथे त्यांना बरंच ऐकून घ्यावं लागलं होतं. पण ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

बाया गेल्यावर त्या म्हणाल्या, "आता तरी चहा देशील?" मी चहा टाकला. तो उकळेपर्यंत त्या मागच्या दारानं बाहेर गेल्या आणि त्यांना मच्छरदाणी दिसली. खाली वाकून त्यांनी रोपं पाहिली, आणि कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या. मी चहा घेऊन गेले तेव्हा डोळे पुसत होत्या, पण बोलल्या मात्र भलतंच. "या मच्छरदाणीतून माशी हसत हसत जाईल, बाई. तुह्या नशिबानं वाचले हे. यापेक्षा बारीक जाळी लागते." मग म्हणाल्या, "दोन रोपं दे मले. पुसदले लावतो. तू उपटून दे, तुह्या हातानं." सासूबाई मागच्या दारात उभ्या होत्या. मी रोपं उपटली, मुळांना माती थापली, आणि ताईंनी दोन्ही हात पुढे करून घेतली. हातगुण काय एका दिवसात परत येतो? आळीतल्या बायांना दोन वर्षं लागली. पण त्या दोन वर्षांत मी मान खाली घालून चालले नाही.

आज माझी छोटी रोपवाटिका आहे, बारीक जाळीची. तिचा नकाशा ताईंनी वहीच्या पानावर काढून दिला होता. एकामागं एक दोन दारं, मध्ये जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी जागा. बाहेरचं दार पक्कं लागल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. मध्ये थांबायचं, पदर झटकायचा, केस झटकायचे. पिवळं नेसून यायचं नाही, पिवळ्यावर माशी धावते. एकदा मी एका सणाला पिवळी साडी नेसले होते, तर त्यांनी मला माझ्याच जाळीत शिरू दिलं नाही, बाहेरून पाणी घालायला लावलं. त्या आल्या की आम्ही दोघी त्या मधल्या जागेत उभ्या राहायचो, आणि बाहेर तासभर जे बोलणं व्हायचं नाही ते तिथे दोन मिनिटांत व्हायचं. त्यांनी लग्न का केलं नाही, ते मला तिथेच कळलं. माझा पहिला गर्भ टिकला नाही, ते मी त्यांना तिथेच सांगितलं.

गेल्या दिवाळीनंतर त्या आल्या होत्या, शेवटच्या. जरा थकलेल्या वाटल्या, जिना चढताना धाप लागते म्हणाल्या, पण त्यांनी ते थट्टेवारी नेलं आणि मीही नेऊ दिलं. मधल्या जागेत उभ्या होतो. बाहेरचं दार मी लावलं. पदर झटकता झटकता, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "रंजना, अजून राग आहे का गं माझ्यावर?"

इतकी वर्षं झाली होती. मला वाटलं, थट्टा करतायत. मी म्हणाले, "हाये ना. असा कसा सरीन? जनमभर पुरवतो मी तो."

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "बरं." आणि आतलं दार उघडून पुढे झाल्या.

ते "बरं" कसं होतं, हे मी या दीड महिन्यात किती वेळा आठवून पाहिलं असेल... हसणं आधी होतं की बरं आधी? त्यांनी ते खरं मानलं तर नसेल? माझ्यासारखीची थट्टा त्यांना कळत होती, चांगली कळत होती. पण थकलेलं माणूस कधी कधी थट्टाही खरी धरतं. ताईंच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला पुसदला गेले तेव्हा हाच प्रश्न घेऊन गेले होते. वंदना झाली, लोक पांगले, करुणाताई आणि मी दोघीच उरलो. विचारणार होते, "ताई माह्याबद्दल काही बोलल्या होत्या का?" पण त्यांच्याकडे बघवेना, आणि माझ्यापायी त्यांना आणखी आठवायला लावणं मला बरं वाटलं नाही. मी भांडी विसळून दिली आणि शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी पकडून परत आले.

आता रोज सकाळी रोपांना पाणी द्यायला जाते. बाहेरचं दार ओढून लावते, कडी घालते, पदर झटकते. आणि रोज माझ्या लक्षात येतं की मी जाळीला चिकटून, एका कडेला उभी आहे. एकटीला जागा पुष्कळ आहे, मध्ये उभं राहता येतं. पण पाय आपोआप कडेला जातात. परवा तिथेच उभी राहून मोठ्यानं बोलले, शेजारच्या शेतातल्या बाईला ऐकू गेलं असेल तर जाऊ दे. "ताई, राग त्याच दिवशी गेलता. तुमी ओट्यावर उभ्या होत्या ना, तवाच गेलता. तुमाले चहा देल्ला तवा माह्यापाशी काईच उरलं नव्हतं. थट्टा केली वो मी..."

पदर पुन्हा एकदा झटकला. मग आतलं दार उघडलं.